उजेडाचा झोत आणि कोल्ह्याचे डोळे

इंग्रजी कथा-कविता मराठीत आणताना एक अडचण हमखास येते. 'फॉक्स' या शब्दाला आपण बिनदिक्कत 'कोल्हा' म्हणतो. वस्तुतः तिन्हीसांजेला गावाबाहेर ज्याची कुई ऐकू येते तो आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला 'जॅकल'. 'फॉक्स'च्या जवळचा, माळरानावर बिळे करून राहणारा, झुबकेदार शेपटीचा आपल्याकडचा प्राणी म्हणजे खोकड. पण इसापाच्या मराठी अवतारात द्राक्षे आंबट ठरवली ती कोल्ह्यानेच, आणि ती म्हण आता इतकी रुजली आहे की तिच्यात खोकडाला जागा मिळणे कठीण. प्रस्तुत लेखातही रूढीला शरण जाऊन 'कोल्हा' हाच शब्द वापरला आहे. वाचकांनी डोळ्यांसमोर आणायचा तो मात्र इंग्लंडच्या कुरणांतला, तांबूस अंगाचा आणि पांढऱ्या गळ्याचा 'रेड फॉक्स'.

या कोल्ह्याची शिकार म्हटली की साहित्याच्या विद्यार्थ्याला घोडे, लाल डगले, शिंगाचा आवाज आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांचा ताफा आठवतो. जॉन मेसफील्डचे 'रेनार्ड द फॉक्स' हे दीर्घकाव्य १९१९ चे, सिगफ्रीड ससूनची 'मेमॉयर्स ऑफ अ फॉक्स-हंटिंग मॅन' १९२८ ची. दिवसाच्या या शिकारीला इंग्रजी वाङ्मयात मानाचे पान आहे. दुसरी एक शिकार रात्रीची आहे. तिच्यात घोडा नाही, शिंग नाही. एखादा शेतकरी किंवा इस्टेटीवरचा रखवालदार, एक रायफल आणि एक दिवा, एवढाच तिचा सरंजाम. इंग्रजीत तिला 'लॅम्पिंग' म्हणतात. तिच्यावर कोणी महाकाव्य लिहिले नाही. तिच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक दिवा कोणता घ्यावा, बॅटरी किती टिकते, दुर्बीण कोणती, अशा खरेदीच्या चर्चेत. ही चर्चा वरकरणी रूक्ष आहे, पण तिच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे: अंधारात कोणी कोणाला पाहावे, आणि पाहिले म्हणजे ओळखले असे केव्हा म्हणावे?

आधी थोडा कायद्याचा आणि समाजाचा इतिहास पाहू. १५६६ मध्ये, पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत, धान्याच्या रक्षणासाठी एक कायदा झाला. त्यात उपद्रवी ठरवलेल्या पशुपक्ष्यांच्या मुंडक्यांना दर ठरवून दिले होते आणि ते पैसे गावच्या चर्चचे कारभारी देत. कोल्ह्याच्या किंवा बॅजरच्या डोक्याला १२ पेन्स मिळत. शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून ही रक्कम मोठी होती. तेव्हा कोल्हा हा कोणत्याही मार्गाने मारून टाकण्याचा प्राणी होता; त्यात ना खेळ होता ना प्रतिष्ठा.

अठराव्या शतकात चित्र पालटले. लेस्टरशरमधल्या क्वॉर्न येथील ताफ्याचा प्रमुख ह्यूगो मेनेल (१७३५–१८०८) याने वेगवान कुत्र्यांची पैदास करून कोल्ह्याची शिकार हा धनिकांचा खेळ बनवला. हरणांची राने कमी होत चालली होती, त्यामुळे कोल्ह्याचा भाव वाढला. मग कोल्ह्यांना लपायला मुद्दाम झुडपे लावली जाऊ लागली, आणि कमी पडले तर युरोपातून आणलेले जिवंत कोल्हे लंडनच्या लेडनहॉल बाजारात विकत मिळू लागले. कोंबड्या आणि कोकरे नेणारा प्राणी आता पाहुण्यासारखा सांभाळायचा होता. कुत्र्यांखेरीज अन्य मार्गाने, म्हणजे बंदुकीने, सापळ्याने किंवा विषाने, कोल्हा मारणाऱ्यासाठी इंग्रजीत 'व्हल्पिसाइड' असा एक लॅटिन थाटाचा शब्द रूढ झाला. आपल्याकडे ब्रह्महत्या, गोहत्या हे शब्द जसे नुसती कृती सांगत नाहीत, पातक सांगतात, तसाच हा शब्द. गंमत अशी की कायद्याने कोल्ह्याला संरक्षण कधीच नव्हते. सारा बंदोबस्त लोकलज्जेचा होता. अँथनी ट्रोलप याच्या 'द अमेरिकन सेनेटर' (१८७७) या कादंबरीत गोर्ली नावाच्या सामान्य इसमाच्या नावावर विष घालून कोल्हा मारल्याचा ठपका येतो आणि सारा परगणा खवळून उठतो. परदेशी सेनेटरला मात्र कळत नाही की स्वतःच्या पिकाची नासाडी सोसणाऱ्या माणसाचा यात गुन्हा काय. त्या काळी कंदील घेऊन कोल्ह्यावर बंदूक झाडणारा माणूस कोणत्या नजरेने पाहिला गेला असता, हे या कादंबरीवरून सहज कळते. रात्रीच्या शिकारीवर आणखीही एक सावली होती. १८२८ च्या कायद्याने रात्री ससे आणि शिकारी पक्षी चोरणे हा गुन्हा ठरला होता. म्हणजे रात्री बंदूक आणि दिवा घेऊन शेतातून फिरणारा माणूस प्रथमदर्शनी चोरच.

तरीही दिवा आला, कारण त्याच्या मागे निसर्गाचा एक विलक्षण नियम होता. कोल्ह्याच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. मांजर, हरीण, मेंढी, बॅजर यांच्याही डोळ्यांत तो असतो. माणसाच्या डोळ्यात नसतो. आत आलेला प्रकाश दृष्टिपटलातून एकदा जातो, त्या थरावर आपटून पुन्हा एकदा जातो आणि अंधूक उजेडाचाही दुप्पट उपयोग होतो. पण थोडा प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो. त्यामुळे दिवा पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या अगदी जवळ असेल तरच समोरचे डोळे पेटलेले दिसतात. तोच दिवा दहा पावले बाजूला धरला तर ते डोळे विझतात. शिकारी दिवा कपाळावर किंवा बंदुकीच्या दुर्बिणीवर बसवतो तो एवढ्याचसाठी. अंधारात पाहण्यासाठी कोल्ह्याला मिळालेले वरदानच त्याचा ठावठिकाणा सांगते.

आरंभीचे दिवे दुबळे होते. एका बाजूला भिंग आणि झडप असलेला पोलिसी कंदील दोन-चार घरांपलीकडे पोचत नसे. १८९२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात तयार करण्याची रीत सापडली आणि त्यावर पाणी ठिबकवून निघणाऱ्या अॅसिटिलीन वायूचे दिवे सायकलींवर, खाणींत आणि पुढे शेतांत आले. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच हे कार्बाइड. त्याचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला तो दिवा कोल्ह्यापासून लपवणे किती अवघड असेल हे सांगायला नको. हातातली बॅटरी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आली. खरा पालट मात्र झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, शेतावर मोटारगाड्या आल्यावर. गाडीतली १२ व्होल्टची बॅटरी आणि १९६० च्या दशकात मोटारींच्या दिव्यांत आलेला हॅलोजन दिवा, या दोहोंतून १०० वॅटचा हातात धरायचा झोत तयार झाला. आता दोन-तीन शेतांपलीकडचे डोळे दिसू लागले.

रोआल्ड डालच्या 'फँटास्टिक मिस्टर फॉक्स' (१९७०) या बालकादंबरीत याच सुमाराचा एक प्रसंग आहे. तीन शेतकरी अंधारात बिळाच्या तोंडाशी बंदुका रोखून बसतात. बंदुकीच्या नळीवरची चकाकी कोल्ह्याला ऐन वेळी दिसते, गोळ्या सुटतात, आणि मग कुणीतरी बॅटरी लावतो तेव्हा त्या उजेडात दिसते ती नुसती तुटलेली शेपटी. बालवाचक हसतो, पण रात्रीच्या बंदुकीचा सगळा दोष या प्रसंगात आहे: आधी गोळी, मग उजेड. दिव्याच्या शिकारीने हा क्रम उलटा केला, निदान तसा दावा केला. आधी उजेड, मग ओळख, मग गोळी.

उजेड आणि ओळख यांच्यातले अंतर मात्र वाटते तितके लहान नाही. दिव्यात दिसतात ते दोन ठिपके. मेंढीचे डोळे पेटतात, मांजराचे पेटतात, शेजाऱ्याच्या कुत्र्याचेही. अनुभवी माणूस ठिपक्यांच्या रंगावर विसंबत नाही, कारण तो कोनानुसार बदलतो. तो ठिपक्यांची चाल पाहतो. मेंढी स्थिर टक लावून पाहते. कोल्ह्याचे डोळे चमकतात, विझतात, दुसरीकडे पुन्हा चमकतात. हाताच्या पाठीवर ओठ दाबून शिकारी जखमी सशाची किंकाळी काढतो आणि तिला भुलून ते ठिपके जवळ येतात. जवळ आल्यावर डोळ्यांभोवतीचा प्राणी दिसला पाहिजे: कान, छाती, शेपटी. मागे मातीचा उंचवटा हवा, नाहीतर चुकलेली गोळी मैलभर जाते. नुसत्या डोळ्यांवर गोळी झाडायची नाही, हा या विद्येचा पहिला धडा. ब्रिटनमध्ये रात्रीच्या शिकारीत प्राणी समजून माणसावर गोळी झाडल्याच्या घटना न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. तेव्हा हा धडा केवळ शिष्टाचाराचा नाही.

दिव्याची निवड या धड्यावरूनच करावी लागते. जाहिरातीत ल्यूमेनचा आकडा मोठा असतो, पण ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो एका दिशेत किती एकवटला आहे हे कँडेला सांगते. झोत पसरट असेल तर उजेड आधी बंदुकीच्या नळीवर, जवळच्या गवतावर आणि धुक्यावर सांडतो, आणि डोळे दिपतात ते पाहणाऱ्याचेच. फारच अरुंद असेल तर प्राणी दिसतो, पण त्याच्या मागची वस्ती किंवा रस्ता दिसत नाही. या दोन दोषांमधली जागा शोधणे हीच दिवा निवडण्याची कला. जड शिसे-बॅटरीचा पट्टा खांद्याला लावून डोंगर चढणाऱ्या पिढीला आजचे एलईडी दिवे आणि १८ मिलिमीटर जाडीच्या, ६५ मिलिमीटर लांबीच्या लिथियमच्या बॅटऱ्या म्हणजे चैनच वाटेल.

मग रंग. कोल्ह्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या, आपल्या तीन. लांब लहरींचा तांबडा प्रकाश त्याला फिका वाटतो. म्हणून पांढऱ्या झोतावर लाल काच लावायची. लाल उजेडाचा दुसरा फायदा शिकाऱ्यालाच: अंधाराला सरावायला माणसाच्या डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या दिव्याने तो सराव क्षणात मोडतो; लाल दिव्याने तितका मोडत नाही. पण लाल काच बराच प्रकाश गिळते, पल्ला घटतो, आणि लाल उजेडात तांबूस कोल्हा फिकट पडतो. म्हणून कुणी पिवळट तर कुणी हिरवी काच पसंत करतो. याच्यावरचे वाद हिरिरीने होतात. माझ्या मते रंगापेक्षा महत्त्वाचे ते दिवा हाताळण्याचे तंत्र: झोताचा मध्य एकदम डोळ्यांवर न टाकता कडेचा मंद उजेड आधी पोचवायचा.

कारण कोल्हा शिकतो. एकदा दिव्यात सापडून गोळी चुकली की पुढच्या वेळी झोत दिसताच तो पाठ फिरवतो. इंग्रजी शिकारी त्याला 'लॅम्प-शाय' म्हणतात. आपल्या भाषेतला 'बुजलेला' हा शब्द त्याला नेमका लागू पडतो. दिव्याच्या शिकारीचे मर्म इथे कळते. ती चालते ती प्राणी परत पाहतो म्हणून. त्याने तोंड वळवले की ठिपके गेले, आणि ठिपके गेले की शिकारी आंधळा. म्हणजे या शिकारीत कितीही विषम का असेना, दोन्हीकडून पाहण्याचा एक व्यवहार होता. कोल्ह्याला नकार देता येत होता.

तो नकार निरर्थक करणारे साधन युद्धातून आले. अदृश्य अवरक्त किरण टाकून त्यांचे प्रतिबिंब हिरवट पडद्यावर पाहण्याची नळी १९३० च्या दशकात तयार झाली होती. १९४५ मध्ये जर्मनांनी 'व्हॅम्पायर' नावाचे असे यंत्र रायफलीवर बसवले. त्याची सुमारे पंधरा किलोची बॅटरी सैनिकाच्या पाठीवर असे. त्याच वर्षी अमेरिकनांनी ओकिनावा बेटावर आपली 'स्नायपरस्कोप' वापरली. दोन्ही यंत्रांना अवरक्त दिवा लागेच. फक्त तो समोरच्याला दिसत नसे. व्हिएतनाम युद्धात आली ती 'स्टारलाइट' दुर्बीण: दिवा नाहीच, ताऱ्यांचाच उजेड हजारो पटींनी वाढवायचा. शीतयुद्ध संपल्यावर रशियन बनावटीच्या जुन्या पद्धतीच्या नळ्या स्वस्तात पश्चिम युरोपच्या बाजारात उतरल्या आणि शत्रूच्या सैनिकासाठी घडवलेला डोळा मेंढपाळाच्या हाती आला.

ब्रिटिश कायद्याने या साधनांची दखल एका मजेशीर तऱ्हेने घेतली. १९८१ च्या वन्यजीव कायद्यात एक यादी आहे. त्या यादीतल्या प्राण्यांवर कृत्रिम दिवा, डोळे दिपवणारे साधन किंवा रात्री नेम धरण्याची दुर्बीण वापरता येत नाही. यादीत बॅजर आहे, पाणमांजर आहे, हेजहॉग आहे, लाल खारही आहे. कोल्हा नाही. म्हणजे एकाच कुरणात, एकाच झोतात उभ्या असलेल्या दोन प्राण्यांपैकी एकावर दिवा रोखून गोळी झाडणे कायदेशीर आणि दुसऱ्यावर गुन्हा. प्राणी ओळखण्याचे ओझे अशा रीतीने पुन्हा दिवा धरणाऱ्यावर येते.

आता या कथेतले सर्वांत मोठे वळण. कुत्र्यांच्या शिकारीवर बंदी घालावी की नाही या वादात सरकारने लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल जून २००० मध्ये आला. प्राण्याच्या यातनांचा विचार करता, योग्य ठिकाणी आणि नीट केलेली दिवा-रायफलीची शिकार कुत्र्यांच्या शिकारीपेक्षा कमी वाईट, असा तिचा निष्कर्ष होता. छर्ऱ्याच्या बंदुकीबद्दल, विशेषतः दिवसा वापरल्यास, समितीला तशी खात्री वाटली नाही. आणि डोंगराळ, झाडी असलेल्या भागात दिवा चालत नाही हेही तिने मान्य केले. १८७७ मध्ये ज्याला पातक म्हटले असते त्याच्या जवळची कृती २००० मध्ये सभ्यतेचे माप ठरली. स्कॉटलंडमध्ये २००२ साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून कुत्र्यांच्या शिकारीवर बंदी आली. फासांवरही वेल्सने २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये बंदी घातली. एकेक मार्ग बंद होत गेला तसा रात्रीच्या रायफलीवरचा भार वाढला. मुळात कोल्हा मारावाच का, हा प्रश्न अर्थातच आहे आणि तो सोपा नाही. कोकरांचे नुकसान किती होते यावर वाद आहेत. पण जमिनीवर घरटे करणाऱ्या कर्ल्यू आणि टिटवीच्या कुळातल्या पक्ष्यांसाठी ब्रिटनमधली पक्षिरक्षण करणारी सर्वांत मोठी संस्थासुद्धा आपल्या काही राखीव क्षेत्रांत कोल्हे मारते. ऑस्ट्रेलियात तर हा प्राणी परकाच. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी तिथे नेलेला, आणि आता तिथल्या लहान सस्तन प्राण्यांच्या मुळावर आलेला. तिथे या शिकारीला 'स्पॉटलायटिंग' म्हणतात, आणि त्याच झोताने रात्री प्राण्यांची मोजदादही करतात.

अलीकडच्या दोन साधनांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण निवडीचा खरा पेच तिथे आहे. पहिले म्हणजे डिजिटल रात्रदुर्बीण: कॅमेऱ्याची चकती, पडदा आणि सोबत अवरक्त एलईडी. हा एलईडी ८५० नॅनोमीटरचा असेल तर पल्ला चांगला मिळतो, पण दिव्याच्या तोंडाशी मंद तांबडी धग दिसते; ९४० चा असेल तर काहीच दिसत नाही आणि पल्ला तुटतो. बुजलेल्या कोल्ह्यासाठी कोणता, हे स्थानिक अनुभवावर ठरते. जवळचे गवत अवरक्त प्रकाश परतवते आणि पडदा पांढरा होतो, हा तिचा दोष. पण या दुर्बिणीतही कोल्ह्याचे डोळे पेटतात! तो दिव्याकडे पाहत नाही, पण त्याच्या डोळ्यातला आरसा अवरक्त किरणही परत पाठवतो. पाहण्याची देवघेव उरते, फक्त एका पक्षाला तिचा पत्ता नसतो.

दुसरे साधन उष्णतादर्शक दुर्बीण. तिला प्रकाश लागतच नाही. आठ ते चौदा मायक्रॉनच्या पट्ट्यात शरीर जी उष्णता फेकते ती ती टिपते. थंड न करता चालणारा हा संवेदक अमेरिकेत १९८० च्या दशकात लष्करी गुपित म्हणून तयार झाला आणि १९९० च्या दशकात बाहेर आला. साधी काच या किरणांना अडवते, म्हणून तिचे भिंग जर्मेनियमचे. हिच्यापुढे कोल्ह्याने पाठ फिरवली काय, डोळे मिटले काय, काही फरक पडत नाही. कुंपणाआड बसलेला तो पडद्यावर पांढऱ्या निखाऱ्यासारखा दिसतो. इथे डोळ्यांचा संबंध संपला.

पण निखारा म्हणजे कोल्हा नव्हे. ससा, बॅजर, कोकरू, कुत्रा सगळेच उबदार. सूर्यास्तानंतर तास-दोन तास दगडही तापलेले असतात. स्वस्त संवेदकाच्या पडद्यावर दूरचा प्राणी म्हणजे मोजके चौकोन. त्यांतून शेपटी आणि कान वाचावे लागतात. पाऊस-धुक्यात चित्र विरघळते. अंतराचा अंदाज तर येतच नाही, कारण सावल्या नसतात. म्हणून लेसरने अंतर मोजावे लागते. मधली तार किंवा फांदी सुटून जाऊ शकते. म्हणून जाणते लोक ही दुर्बीण रायफलीवर बसवण्याआधी हातात घेतात. तिच्यावर शोधायचे, आणि ओळख पटवायला दुसरे साधन, अवरक्त दुर्बीण किंवा साधा दिवा, वापरायचे. पैसे मोजकेच असतील तर ते आधी हातातल्या शोधदुर्बिणीवर खर्च करावेत आणि रायफलीवर दिवाच ठेवावा, असा सल्ला या मंडळींकडून वारंवार दिला जातो, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. नुसत्या उष्णतेवर नेम धरणाऱ्याजवळ पल्ला असतो, सोय असते. पण पडद्यावरच्या आकृतीचे नाव त्याला अंदाजानेच ठेवावे लागते.

या सगळ्या साधनांनी सज्ज झालेल्या शिकाऱ्याच्या खिशात आजही एक लहान पांढरी बॅटरी असते. गोळी लागल्यावर उंच गवतात पडलेला प्राणी सापडायला, आणि तो खरोखर मेला आहे का हे जवळ जाऊन पाहायला, ती लावावी लागते.